भिंतीकडची बाजू

चिठ्ठ्या टाकायच्या हे थोरल्याने ठरवलं. वीस वर्षं शाळेत गणित शिकवण्यात गेलेली. न्याय म्हणजे सारखे भाग, याच्या पलीकडे तो कधी गेला नाही. रविवारी सकाळी त्याने वहीचं एक पान पट्टीने आखलं, त्याचे अकरा तुकडे केले, एकेका तुकड्यावर गच्चीतल्या एकेका बॉन्साय झाडाचं नाव लिहिलं आणि घड्या घालून ते नानांच्या पितळी डबीत टाकले. नाना हयात असताना त्या डबीत घड्याळांच्या बारीक स्प्रिंगा असत.

"अकराला तीनने भाग जात नाही, दादा," धाकटा म्हणाला. दातांचा डॉक्टर असल्यामुळे घरातही त्याला सगळे डॉक्टरच म्हणत.

"तिघांना तीन-तीन. दोन उरतात, ती आईची."

"मला काय करायचीत?" गच्चीतल्या एकुलत्या एक खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं या अकरा सवतींबरोबर काढली मी. आता म्हातारपणी त्यांना न्हाऊ-माखू घालू?"

डॉक्टरची बायको हसली. थोरल्याच्या बायकोला, थोरलीला, मात्र हसू आलं नाही. ती पाण्याच्या टाकीच्या भिंतीला लागून ठेवलेल्या फळ्यांपाशी उभी होती, हातात रिकामी झारी घेऊन. पाणी घालून झालं होतं. ते सकाळी सहालाच होत असे; या घरात आल्यापासून, अठरा वर्षं, झाडांना पाणी घातल्याशिवाय तिने स्वतःच्या घशाखाली घोट उतरवला नव्हता. ताप असो, पाहुणे असोत. कुणी सांगितलं नव्हतं तिला. पहिल्या आठवड्यात एकदा सहज घडलं, मग दुसऱ्या दिवशी मोडवेना, एवढंच.

झारी आता भरायची नव्हती तरी तिने ती खाली ठेवली नाही.

इमारत विकली गेली होती. पुढच्या रविवारी किल्ल्या द्यायच्या होत्या. सासूबाई डॉक्टरकडे जाणार, थोरला-थोरली स्टेशनमागच्या दोन खोल्यांत, आणि झाडं जातील त्या त्या घरी. थोरलीच्या नव्या जागेला सज्जा होता, हातभर रुंदीचा. गेल्या बुधवारी घरमालक दिवाणखान्यातला पंखा दाखवत असताना ती एकटी सज्जात गेली होती आणि खिशातून एक सुतळी काढून तिने कठड्याजवळची जागा मापली होती. सुतळीला एक गाठ आधीच होती. ती गाठ डाळिंबाच्या कुंडीची रुंदी होती. सुतळी बरोबर बसली. तिने ती पुन्हा खिशात घातली आणि बाहेर येऊन पंखा छान आहे म्हणाली.

याबद्दल ती कुणाशी चकार शब्द बोलली नव्हती. मागायचं कसं? ती सून. झाडं बापाची, वाटे लेकरांचे.

"ताईला बोलव," थोरला म्हणाला. "तिचे तीन तिनेच काढावेत."

"त्या नाही येत वर," डॉक्टरची बायको म्हणाली. "स्वयंपाकघरात भांडी बांधत बसल्यात. म्हणाल्या, माझ्या दादालाच काढायला सांग, मला काय लागतील ती लागतील, कुणाला तरी देऊन टाका."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. अठरा वर्षांनी घरात पाय टाकलेली मुलगी काल संध्याकाळपासून सगळीकडे फिरली होती. जुनी खोली, जिना, नानांचं खाली असलेलं दुकान, जिथे आता कुणी मोबाइल दुरुस्त करत होतं. फक्त गच्चीवर आली नव्हती. रात्री थोरलीने तिचं अंथरूण तिच्या जुन्या खोलीत घातलं, तेव्हा ती दारातच थबकली होती.

"ही तुमची खोली आहे ना आता, वहिनी?"

"तुमचीच ती, वन्सं. मी नुसती राहिले."

दोघींची ही पहिलीच भेट. नणंद घर सोडून गेली त्यानंतर आठ महिन्यांनी थोरली लग्न होऊन आली. नाना गेले तेव्हाही नणंद आली नव्हती. फोनच्या पडद्यावर तिचा चेहरा दिसला होता, हलणारा, मधूनच थिजणारा. तिला निघता आलं नाही की निघावंसं वाटलं नाही, यावर पुढे सगळे आपापल्या परीने बोलले. थोरली बोलली नाही. तिच्याजवळ बोलण्यासारखं होतं, पण ते बांधलेलं होतं.

चिठ्ठ्या निघू लागल्या. जुनिपर थोरल्याला. एल्म ताईला. बोगनवेल आईला, त्यावर सासूबाई "काटेरीच यायची होती माझ्या वाट्याला" म्हणाल्या. डॉक्टरने तिसरी चिठ्ठी उघडली, वाचली आणि शीळ घातली.

"डाळिंब."

थोरलीच्या हातातली झारी कठड्याला लागून वाजली.

नानांचं ते सगळ्यात जुनं झाड. दीड वीत उंच, पण खोड मनगटाएवढं, वेणीसारखं पीळ पडलेलं. नानांची बोटं थरथरायला लागल्यावर शेवटची सहा वर्षं त्याची छाटणी थोरलीच्या हातून होई. नाना स्टुलावर बसून नुसतं सांगत. 'इथे नको, वरच्या डोळ्यावर.' 'पाणी घाल, आणि कान दे. खालच्या भोकातून थेंब पडायला लागले की मोज. सुरुवातीला घाईचे पडतात. एका सेकंदाला एक पडायला लागला की झाड पोटभर प्यालं.' घड्याळजी माणूस. त्याला तहानसुद्धा टिकटिकीत कळे.

"दवाखान्यात ठेवतो," डॉक्टर म्हणाला. "वेटिंग रूममध्ये. पेशंटना तेवढाच विसर पडेल दाढेचा."

"तिथे एसी आहे दिवसभर," त्याची बायको म्हणाली.

"मग काय झालं? ही तार कसली पण? किती वर्षांची आहे?" त्याने कुंडी फळीवरून उचलून खालच्या टेबलावर ठेवली. समोरच्या अंगाच्या करंगळीएवढ्या फांदीवर अॅल्युमिनियमची तार गुंडाळलेली होती, बुंध्यापासून टोकापर्यंत, तिरके वेढे घेत. बॉन्सायला आकार असाच देतात. तार गुंडाळून फांदी वाकवायची, काही महिन्यांनी फांदीने वळण धरलं की तार काढायची. "साल फुगलीये हिच्याभोवती. थांब, सोडवतो. तारांचंच काम करतो मी दिवसभर, पोरांच्या दातांवर."

त्याने तारेचं टोक चिमटीत धरलं आणि उलट दिशेने उलगडायला घेतलं. फांदी बुंध्यापाशी करकरली.

"उलगडू नका." थोरली ओरडली. "सोडा ती. भाऊजी, हात काढा."

डॉक्टरचा हात जागच्या जागी थांबला. त्या घरात थोरलीचा आवाज असा चढलेला कुणी ऐकला नव्हता. तिच्या नवऱ्यानेसुद्धा नाही, तो तर चष्म्याच्या वरून तिच्याकडे बघतच राहिला.

"उलगडली की फांदी मुळातून येते," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तार तोडायची असते. वेढ्यागणिक तुकडा पाडायचा."

जिन्यावर पावलं वाजली. नणंद वर आली होती, हातात भांडी बांधायचं वर्तमानपत्र तसंच. "काय झालं? कोण पडलं?"

"कुणी नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "तुझा भाऊ झाडाचा दात उपटत होता."

पण नणंदेचं तिकडे लक्ष नव्हतं. ती टेबलाकडे बघत होती, आणि तिने वर्तमानपत्र छातीशी धरलं होतं.

ज्या जागेवरून ती फांदी निघाली होती, ती जागा तिला दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होती. नानांच्या हाताखाली कात्री धरायला शिकलेली ही एकच मुलगी. नोकरीसाठी समुद्रापलीकडे जाते म्हणाली, नाना नाही म्हणाले. शब्दाने शब्द वाढला, नाना 'जा, पण मग परत येऊ नकोस' म्हणून गेले, आणि ती सरळ गच्चीवर आली. चोवीस वर्षं घडवलेल्या डाळिंबाची मुख्य फांदी तिने एका कात्रीत उतरवली. कुठे कापलं की सगळ्यात जास्त दुखेल हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"हे कधी फुटलं?" तिने विचारलं.

थोरली म्हणाली, "तुम्ही गेल्यानंतर सातव्या वर्षी."

"म्हणजे अकरा वर्षं झाली."

"हो."

"अकरा वर्षं ही फांदी इथे आहे, आणि मला..." ती थांबली. मग धाकट्या भावाकडे वळली. "तू काय सांगितलं होतंस मला फोनवर? पहिल्याच वर्षी. आठवतं?"

डॉक्टर नखं बघू लागला. "गमतीत बोललो असेन काहीतरी."

"म्हणालास, नानांनी तुझा घाव दर्शनी लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा."

"खोटं नव्हतं ते, ताई. सगळे सांगायचे त्यांना, कुंडी फिरवा, चांगली बाजू पुढे घ्या. प्रत्येक झाडाला तोंड असतं ना, बघायची बाजू. ह्यांनी थोटकं पुढे आणि हिरवं सगळं भिंतीकडे. लोक हसायचे."

"मी ते अठरा वर्षं बघतेय," नणंद म्हणाली. "इथे न येता. रोज. म्हटलं, माणूस माझा गुन्हा फळीवर मांडून बसलाय, त्याच्या दारात कुठल्या तोंडाने जाऊ?"

थोरलीने झारी खाली ठेवली. बांधलेलं सोडायची वेळ आली होती, आणि ते बांधून ठेवण्यात आपण काय केलं ते तिला त्या क्षणी पुरतं कळलं.

"वन्सं, मागे भिंत आहे," ती म्हणाली. "ऊन इकडूनच येतं, पुढून. मी आल्या-आल्या त्यांना विचारलं होतं, ही बाजू पुढे का? तर म्हणाले, कोंब फुटणार असेल तर उजेड तिथे पडायला हवा. बस. तेवढ्यासाठी ठेवलं होतं तसं. लोक काय म्हणतात ते त्यांना ऐकू येत नव्हतं असं नाही. सात वर्षं रोज सकाळी भिंग लावून ती जागा बघायचे. कोंब दिसला त्या दिवशी दुकान उघडलं नाही त्यांनी."

नणंदेने वर्तमानपत्र टेबलाच्या कडेवर ठेवलं. त्याच्या कडा तिच्या मुठीने चुरगळल्या होत्या.

"मग एक फोन का नाही केलात, वहिनी?"

"त्यांनी शब्द घेतला माझ्याकडून. म्हणाले, फांदी फुटली म्हणून येईल ती, तसं नको. यायचं तर घरी म्हणून येऊ दे."

"आणि तुम्ही पाळलात."

"पाळला."

"अकरा वर्षं."

थोरलीने मान हलवली. तिच्याजवळ सबब नव्हती. आजवर धरलेलं तिने काही मोडलं नव्हतं, आणि त्याचं तिला मनातल्या मनात समाधान असे. आता त्याच समाधानाची तिला लाज वाटली.

"तिच्याकडून शब्द तरी घ्यावा लागला," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "माझ्याकडून घ्यायची गरजच पडली नाही. मी रुसून बसले होते, तुझ्यावर अन् त्यांच्यावर. दर महिन्याला फोनवर तुला हवापाणी विचारत होते की नाही? त्यातच सांगता आलं असतं. म्हटलं, माझ्यासाठी येत नाही तर झाडासाठी कशाला बोलवू? तिला एकटीला बोल लावू नकोस."

थोरल्याने पितळी डबीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

"आणि आम्ही?" डॉक्टर म्हणाला. हसत म्हणायला गेला, पण जमलं नाही. "आम्ही इथेच होतो की. भिंतीकडच्या बाजूला. दादा, तुझ्याकडे कधी भिंग लावून बघितलं त्यांनी?"

नणंदेने भावाकडे बराच वेळ पाहिलं. मग ती वाकली आणि टेबलाभोवती फिरून झाडाची मागची बाजू बघून आली. तिथली पानं फिकी होती, काटक्या उघड्या पडलेल्या.

"खरंय," ती म्हणाली. "ही बाजू पार खंगलीये."

मग पुढे येऊन तिने फांदीवर बोट ठेवलं आणि तिचा सूर बदलला. कात्री हातात असल्यावर माणूस बोलतो तसा झाला. "पण ही तार कुणी ठेवली? कधीच निघायला हवी होती. सालीत रुतलीये. इतकी चूक नाना करणार नाहीत."

"मी ठेवली," थोरली म्हणाली. "मला कळत होतं. दर आठवड्याला पक्कड घेऊन यायचे."

"मग?"

"त्यांच्या हातचे शेवटचे वेढे आहेत ते. बोटं ऐकत नव्हती त्यांची. मला हात लावू देईनात, म्हणाले, ही फांदी मीच वळवणार. सकाळची दुपार झाली. त्यानंतर त्यांनी झाडांना हात लावला नाही. तोडायला गेले की..." तिने वाक्य सोडून दिलं.

वेढे नीट नव्हते खरे. दोन जवळजवळ, एक लांब, एक दुसऱ्यावर चढलेला. बारीक घड्याळांत ज्या हातांनी आयुष्य काढलं, त्यांचे होते ते.

नणंदेने हात पुढे केला. "पक्कड द्या."

थोरलीने फळीखालच्या पेटीतून लहान पक्कड काढून दिली. मग न सांगता दोन्ही हातांनी फांदी खालून धरली. नणंद तोडू लागली. एकेक वेढा, वरच्या अंगाला एक घाव, खालच्या अंगाला एक. अर्धगोल तुकडे टेबलावर पडत गेले. डॉक्टर जवळ येऊन बघत होता. एका जागी त्याने "मला दे, माझा हात हलका आहे" म्हणून चिमट्याने सालीत अडकलेला तुकडा अलगद सोडवला, आणि बहिणीने मान डोलावली तेव्हा तो लहान पोरासारखा खूश झाला.

बुंध्यापाशी मात्र दोन वेढे पुरते गिळले गेले होते. साल वरून जुळून आली होती.

"हे ओढले तर साल सोलून निघेल," नणंद म्हणाली. "राहू देत आत."

"राहतील?"

"झाड वाढेल त्यांच्यावरून. दिसणारही नाहीत काही वर्षांनी."

फांदीवर तारेचे वळसे खोल उमटले होते, तार काढल्यावरही तार दिसावी तसे. सासूबाईंनी खुर्ची ओढून जवळ घेतली आणि चष्मा पुसून बघितलं.

"तूच घे हे, ताई," डॉक्टर म्हणाला. "माझी चिठ्ठी तुला."

"मातीसकट झाड विमानात चढू देत नाहीत. आणि माती झटकून नेलं तर जगणार नाही." ती पक्कड पुसत राहिली, पुसून झाली तरी. "तुझ्याकडेच राहू दे."

"आमच्याकडे तीन दिवसांत मरेल," त्याची बायको म्हणाली. "स्पष्ट सांगते. प्लास्टिकच्या झाडावरसुद्धा धूळ बसते आमच्याकडे."

"ठीक आहे," थोरला म्हणाला आणि डबीकडे वळला. "मग या एका झाडापुरत्या पुन्हा चिठ्ठ्या..."

"नका काढू," थोरली म्हणाली. "मला हवंय ते."

बोलून गेल्यावर तिचे कान तापले. पण शब्द मागे घ्यायचा नव्हता, म्हणून तिने खिशातून सुतळी काढली आणि कुंडीच्या कडेला लावून धरली. गाठ बरोबर कडेवर आली. "सज्जात मावतं. मापून आलेय. सकाळचं ऊन येतं तिथे, तीन तास. कमी आहे, पण येतं."

"कधी मापलंस?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही पंखा बघत होता तेव्हा."

सासूबाई हसल्या, डोळे पुसत हसल्या. "बघा. अठरा वर्षं पाणी घालतेय, आणि चिठ्ठी काढताना तिला विचारलं का कुणी? मी तरी विचारलं का?"

नणंदेने सुतळीचं दुसरं टोक हातात घेतलं, गाठ बघितली. मग टेबलावरचे तारेचे तुकडे गोळा करू लागली. "हे मी नेते," ती म्हणाली. "यांना कुणी अडवणार नाही." थोरल्याने चिठ्ठ्या डबीतून काढून टाकल्या आणि डबी तिच्यापुढे धरली. तुकडे त्यात पडताना बारीक आवाज झाला.

निघताना, टॅक्सी खाली उभी असताना, ती थोरलीला म्हणाली, "मी रागावलेय अजून, वहिनी. जाणार नाही तो लगेच."

"नको जाऊ दे."

"पण कुंडी फिरवा नव्या घरी. मागची बाजू उजेडात घ्या. तिने पुष्कळ दिवस काढलेत."

*

नव्या जागेतल्या पहिल्या सकाळी सहाला थोरली सज्जात गेली. जुन्या गच्चीत उजेड आणि बघणारे एकाच अंगाला असत. इथे तसं नव्हतं. उजेड बाहेरून येणार, बघणारे घरात. सांगितल्याप्रमाणे तिने दोन विटांवर ठेवलेल्या डाळिंबाची खंगलेली बाजू कठड्याकडे केली, दोन पावलं मागे घरात सरली, आणि तशीच उभी राहिली. नानांनी वळवलेली ती फांदी आता सज्जाच्या दारातून आत आली होती. थेट घरात.

फोन वाजला. तिकडे संध्याकाळ असावी, मागे भांड्यांचा आवाज होता.

"फिरवलंत?"

"फिरवलं, वन्सं."

"मग आता फांदी कुठे आहे?"

थोरलीने सांगितलं. पलीकडची भांडी वाजायची थांबली. फोन तुटला की काय म्हणून थोरलीने पडदा पाहिला. तुटला नव्हता.

"पाणी घातलंत का?" शेवटी नणंदेने विचारलं.

"घालायचंय. थांबा, ठेवू नका."

तिने झारी धरली. माती गडद झाली, शेवाळ फुगलं. मग ती सज्जाच्या फरशीवर बसली आणि फोन कुंडीच्या भोकाखाली धरला, भिजणार नाही इतपत लांब. थेंब पडू लागले. आधी घाईचे, एकात एक मिसळलेले, मग सुटे, मग आणखी सुटे. समुद्रापलीकडून कुणीतरी दबक्या आवाजात मोजत होतं. थोरलीला तहान लागली होती, पण ती हलली नाही. अजून दोन थेंबांमध्ये पुरा सेकंद पडायचा होता.